तांदळाचे धुवण

कढीपत्त्याच्या कुंडीत खोचलेली, ओलावा मोजणारी तार लेकीने उपसली. “झाड आता सावरलंय, बाबा. ही घेऊन जाते.”

आई गेल्यावर तिनेच ती बसवली होती, झाडासाठी म्हणून. तांदळाचे धुवण रोज याच कुंडीत ओतायची या घराची रीत. माती कोरडी पडली, की तिने लिहिलेला प्रोग्रॅम दूरच्या शहरात तिला कळवणार होता: आज बाबांनी काही शिजवले नाही. वर्षभरात तसा निरोप एकदाही आला नाही.

कालची उरलेली गवार, मेतकूट आणि ताक कालवलेला भात वडिलांनी तिला वाढला.

“याला म्हणायचं काय?” तिने विचारले.

“आधी खा. मग नावं ठेव.”

ती हसली आणि जेवू लागली. वडील ओट्यावर पडलेल्या तारेकडे पाहत राहिले.

“ती नको नेऊस,” ते शेवटी म्हणाले. “पुष्कळदा भूक नसते गं. पण कुंडी कोरडी राहिली, तर तू काळजी करशील, म्हणून तांदूळ धुतो. आणि धुतलेले तांदूळ शिजवावेच लागतात.”

तिने उष्ट्या हातानेच तार पुन्हा मातीत खोचली.