बरे न झालेल्यांची साक्ष

आमच्या चर्चमध्ये साक्ष द्यायला बरे झालेलेच उठतात. कुणाची गाठ विरघळते, कुणाला नोकरी लागते. बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या आणि गप घरी जायचं.

त्या रविवारी शिवणकाम करणारी बाई उठली. तिचा नवरा तीन वर्षं अंथरुणाला खिळलेला.

पाळकांचा चेहरा उजळला. "चालायला लागले का, बाई?"

"नाही. लागणारही नाही. काल त्याचं अंग पुसताना मी गीत म्हणत होते. त्यानं मध्येच असला भसाडा सूर लावला की आम्ही दोघं पोट धरून हसलो. पाळकसाहेब, रडून रडून मी पार आटलेय. ते हसू माझ्याजवळचं नव्हतं. येशूनंच दिलं."

"साक्ष म्हणजे देवानं काय केलं ते सांगायचं असतं. बसा खाली."

"मग मी काय शेजारणीच्या कागाळ्या सांगतेय?"

कुणी हसलं नाही. पहिल्या बाकावरून पाळकांची बायको उठली आणि नवऱ्याला म्हणाली, "बोलू द्या हिला. खोटी साक्ष गेल्या वर्षी मी दिली होती. माझं दुखणं कुठं गेलंय?"