राक्षसभुवनची दुसरी लढाई

“आता निम्मं सैन्य नदीपल्याड ने,” अर्जुनरावांनी टेबलावरच्या निळ्या कापडाकडं बोट दाखवलं. ते कापड म्हणजे पुरानं भरलेली गोदावरी. अलीकडच्या काठावर राक्षसभुवन, साल १७६३. पेशव्यांची फौज चिंचोक्यांची, निजामाची सीताफळाच्या बियांची. केसरबाईंनी निजामाच्या बिया मुठीत घेतल्या आणि तशाच धरून ठेवल्या.

ही लढाई अर्जुनराव दर रविवारी जिंकत. निजाम व्हायला सिरसाळ्याचे दुकानदार विरुपाक्षअप्पा येत, आणि गरम भजी मिळत असतील तर हरायला अप्पांची कधीच ना नसे. आज ते लातूरला लग्नाला गेले होते. अर्जुनरावांचे हात तर शिवशिवत होते. शेवटी त्यांनी बायकोलाच समोर बसवलं. “तू नुसते फासे टाक, चाली मी सांगतो.”

तसं सगळंच ठरलेलं होतं. अर्जुनरावांनी, म्हणजे गावाच्या आबांनी, दहा वर्षं सरपंचकी केल्यावर या खेपेला खुर्ची महिलेसाठी राखीव झाली. गावाला वाटलं, आता आबांचं कसं व्हायचं? आबा मात्र निवांत. उद्या परळीला जाऊन केसरबाईंचा अर्ज भरायचा. सही तिची, कारभार आपला. केसरबाईंना कुणी काही विचारलं नव्हतं. देवळातल्या घंटेला कुणी विचारतं का, वाजवू का म्हणून?

“न्हाई नेत,” केसरबाई म्हणाल्या.

“अगं, निजाम उतरलाच होता! निम्मी फौज घेऊन तो पल्याड, त्याचा दिवाण निम्मी घेऊन अल्याड, आन् मदी पूर. तितंच आपण दिवाणाला गाठलं. इतिहास हाय त्यो!”

“इतिहासच मांडायचा तर मला कावून बसवलं? एकट्यानं मांडा की.”

 अर्जुनराव हसून म्हणाले, “ऱ्हाऊ दे. समदेच अल्याड मरतील.”

खेळाचा नियम साधा. ज्याच्या बिया जास्त, त्याला फासे जास्त. अर्जुनरावांनी सवयीप्रमाणं घोडेस्वार थेट काठावर घातले. दर रविवारी तिथं निम्माच निजाम सापडायचा. आज अख्खा उभा होता. चिंचोके पटापट उचलले जाऊ लागले.

तेवढ्यात केसरबाईंनी दिवाणाचा हत्ती मागं घेतला. “पळाला! पळाला!” आबांना चेव चढला. त्यांनी राखीव फौजही हत्तीमागं सोडली. केसरबाईंनी दोन्ही बाजूंच्या बिया पुढं सरकवून मधली वाट बंद केली आणि फासे खुळखुळवले.

“आवं, घोडं पळवायच्या आदी म्होरं बघावं तरी!” त्या खळखळून हसल्या.

पेशव्यांची फौज बशीत जमा झाली. अर्जुनरावांना राग आला, अगदी खरा आला. पण रागाच्या आत काहीतरी मजेचंही हललं. इतकी वर्षं ही लढाई खेळताना शेवट ठाऊक असायचा, आज पहिल्यांदाच त्यांच्या छातीत धडधडलं होतं. आणि ही बाई! तीस वर्षं एका घरात राहून तिच्या कपाळावर अशी विचाराची आठी त्यांनी कधी पाहिली नव्हती. की पाहायला कधी मान वर केली नव्हती, कोण जाणे.

“आनखी एक डाव,” केसरबाई म्हणाल्या. “ह्या बारीला निजाम तुमी.”

इतक्यात फोन वाजला. सिरसाळ्याचा फ्लेक्सवाला राजेश्वर होता.

“आबा, प्रचाराचा बॅनर तयार हाय बगा. मदी तुमचा हात जोडलेला मोठा फोटो, वैनींचा खाली कोपऱ्यात. लई भारी दिसतंय. छापू का?”

‘छाप’ म्हणायला अर्जुनरावांनी तोंड उघडलंच होतं. समोर केसरबाई पदर खोचून गोदावरीच्या सुरकुत्या सारख्या करत होत्या.

“थांब जरा,” ते म्हणाले. “उमेदवाराला इचारतो.”