राखणीचा वाटा

नातीच्या पहिल्या कम्युनियनसाठी गोदूबाई वर्तकनगरहून बाळकुमच्या चर्चमध्ये आल्या खऱ्या, पण उठा, बसा, परत उठा करून त्यांचे गुडघे बोलायला लागले होते. फादरनी भाकरीची पांढरी चकती वर धरली. "हे माझं शरीर आहे," ते म्हणाले, आणि लोक रांगेनं ती खायला निघाले.

"अगं सिल्विया, हा प्रसाद कसला?" त्यांनी सुनेला हळूच विचारलं.

"आई, तुमच्या गावी राखणदार देवाला कोंबडा देतात ना? तसंच. इथे देवानं सगळ्यांसाठी स्वतःचा मुलगा दिला. त्याचाच हा वाटा."

गोदूबाईंना गावची राखण आठवली. राखणीचा कोंबडा दरवर्षी त्यांनीच दाणे घालून वाढवलेला असायचा. घरोघरी वाटा जायचा, सगळे बोटं चाटून जेवायचे, आणि त्या एकट्या सांगायच्या, माझा आज उपास आहे.

रांग पुढे सरकत होती. बाजूच्या कोनाड्यात त्या मुलाची आई, मरियामाता, हात जोडून उभी होती. तिच्याकडे बघत गोदूबाई बाकावर टेकल्या.

"हिचाही उपास दिसतोय."