सात मडकी

मेळाव्याच्या स्वयंपाकघरात नळापाशी सातही मडकी धुऊन पालथी घातलेली पाहून ठकूबाई जागीच थबकली. सात गावांच्या बायांनी एकमेकींना पेरायला देण्यासाठी आणलेलं जुन्या वाणाच्या नागलीचं, म्हणजे नाचणीचं, बियाणं होतं त्यांत.

“साहेबच म्हणाले, जेवण गावरानच पायजे. मग सगळी दळून आणली,” आचारी म्हणाला.

तळपायाची आग मस्तकात गेली. दुष्काळात पोरांना कंद उकडून घातले, पण बियाण्याच्या मडक्याला तिनं हात लावला नव्हता. ती तरातरा मांडवात शिरली. ‘स्थानिक अन्न वाचवा’ असं लिहिलेल्या फलकाखाली मेळाव्याचे पाहुणे साहेब भाकरी मोडत होते.

“वा, मावशी! ही नागली आपण टिकवलीच पाहिजे.”

“टिकवलीच होती की, सायेब!” ती कडाडली. “आता तेवढा तोंडातला घास गिळा, म्हंजे संपली.”