नुसती फुंकर

खुर्चीत बसताच आईने डोळे घट्ट मिटले आणि तोंड उघडलं. "आधी मी बसते, तू बघ आणि मग घाबरू नकोस," असं लेकीला बजावूनच ती तपासणीच्या खोलीत शिरली होती.

"मावशी, तोंड कशाला उघडलंत?" तपासणी करणारी मुलगी म्हणाली. "या पिशवीत फुंकायचंय फक्त."

"आणि ती घशातून पोटात घालायची नळी?"

नळीबिळी काही नाही, मुलीने समजावलं. आधी एक पिशवी फुंकून भरायची, मग हे आंबटसर पाणी प्यायचं, अर्ध्या तासाने दुसरी पिशवी. पोटात जंतू असतील तर श्वासातून कळतं. सापडले तर दोन आठवडे गोळ्या घ्यायच्या.

आईने पिशवी भरली, पाणी प्याली आणि बाहेर बाकावर येऊन बसली. आठ महिन्यांपूर्वी तिचा नवरा पोटाच्या कॅन्सरने गेला. हा कॅन्सर पोटातल्या जंतूंमुळेही होतो, घरच्यांनी तपासून घ्या, असं डॉक्टर तेव्हाच म्हणाले होते. नळीच्या धास्तीने तिने ते टाळलं. पण परवा लेक म्हणाली, माझंही पोट हल्ली जळतं. मग आईला बसवेना.

नवरा वेल्डर होता. दिवसभर ठिणग्यांत वावरणारा माणूस, पण नळीचं नाव काढलं की त्याची गाळण उडायची. चार वर्षं तो पोटासाठी ते पांढरं औषध बाटल्याच्या बाटल्या पीत राहिला. चारचौघांत ती त्याला भित्रा म्हणायची. लोक हसायचे, तोही हसायचा. अखेर त्याने नळी गिळली, तोवर फार उशीर झाला होता. बाहेर आणल्यावर बसलेल्या आवाजात त्याने तिला एवढंच विचारलं होतं, "आता तरी भित्रा नाही ना म्हणणार?"

अर्ध्या तासाने मुलीने पुन्हा आत बोलावलं आणि दुसरी पिशवी हातात दिली.

"हे नवीनच निघालंय का गं?" आईने विचारलं.

"छे, जुनंच आहे. मला इथे लागून सहा वर्षं झाली. तेव्हाही होतं."

आईने पिशवी तोंडाला लावली. फुंकर येईना. मुलीने घाई केली नाही. लेक दारातून आत आली, पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

"आई, फुंक."

बऱ्याच वेळाने पिशवी भरली. मुलीने पिशवीवर चिठ्ठी चिकटवली आणि लेकीला खुर्चीत बसायला सांगितलं.

लेकीने पिशवी ओठांशी धरली. ती फुगून ताठ होईपर्यंत भिंतीशी उभ्या आईने श्वासच घेतला नाही.