पुण्याहून उत्तर येईपर्यंत

१९६१ साली कळसाडीच्या शाळेतून मला पुण्याला धाडलं, मुलांच्या मनातलं ओळखून त्यांना मार्गदर्शन करायचं शिक्षण घ्यायला. दोन महिने एकच गोष्ट घोटून घेतली: मूल बोलेल ते ऐका, घरच्यांना सांगू नका, टिपण लिहून आमच्याकडे पाठवा आणि आमचं उत्तर येईपर्यंत थांबा.

परत आले तर सातवीतली हिरकन अगदी गप्प झालेली. शाळा सुटल्यावर तीन दिवस मी तिच्याशी नुसती चिंचोके खेळत बसले. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "बाई, अखाजीले मन्हं लगीन शे. माले शिकनं शे. तुम्ही आबाले सांगा ना."

अक्षय्यतृतीया आठ दिवसांवर होती. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला, घरी येऊन सुवाच्य अक्षरात चार पानी टिपण लिहिलं, टपालात टाकलं आणि थांबले.

अखाजीच्या सकाळी तिचा बाप भटू धावत आला. "बाई, पोर कडी लाईसन बशेल शे. कोनंच ऐकत नही. तुम्ही त पुनाले पोरेस्ना मननं शिक्षन लिसन उनात, तुम्हीच समजाडा."

पुण्याचं उत्तर अजून आलं नव्हतं. मांडवात वऱ्हाड ताटकळलं होतं. मी दाराशी जाऊन एवढंच म्हटलं, "हिरकन, मी आलेय गं."

कडी लगेच निघाली.



हळदीनं माखलेली हिरकन समोर उभी होती, खांद्याला शाळेचं दप्तर अडकवून.