लख्ख

पहिलंच नाणं भिंगाखाली धरलं आणि जुन्या नाण्यांच्या पारख्यानं ते झटकन खाली ठेवलं.

नाणं लख्ख होतं. स्टीलच्या चमच्यासारखं. राजाचं नाक सपाट झालं होतं, दाढीच्या केसांचा मागमूस उरला नव्हता, आणि अक्षरांच्या खाचांत भांडी घासायच्या पावडरीची पांढरी पुटं बसली होती. वासही तोच. तुंबलेल्या मोरीचा.

"हे कुणी केलं?"

"मीच," समोरची बाई म्हणाली. "काळी पडली होती सगळी. तारेच्या घासणीनं घासली."

डब्यातली उरलेली नाणीही तिनं टेबलावरच्या मखमलीवर ओतली. ती एकमेकांवर आपटत, खणखणत घरंगळली. दाताखाली खडा यावा तसा पारखी शहारला. यातली बहुतेक त्याच्याच दुकानातून गेली होती, त्याच्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाइकाकडे. ह्या बाईच्या नवऱ्याकडे. पारखी त्यांना साहेब म्हणायचा. साहेब नाणं नेहमी कडेला धरायचे, अगदी अलगद, श्वास रोखून. वर्षभर मात्र ते दुकानाकडे फिरकले नव्हते.

"साहेबांचं काय झालं, वहिनी?"

"मेंदूत रक्त साकळलं. जेवता जेवता. घास हातातच राहिला."

"अरेरे! मला कुणी कळवलंही नाही."

"कुणालाच नाही कळवलं."

पारख्यानं मान खाली घातली. बरं झालं साहेबांनी हे पाहिलं नाही, एवढंच त्याच्या मनात आलं. तिच्या हातांकडे त्याची नजर गेली. बोटं लाल, चिरा पडलेली, नखांत काळा मळ. म्हणजे चांदीचीच काळी झाक. पिढ्यान्‌पिढ्या जमलेली ती झाक ह्या बाईनं नखांत भरून आणली होती. त्याला तिच्याकडे बघवेना.

"वहिनी, चांदी काळी पडते तो मळ नसतो हो," तो म्हणाला. आवाज आवरला तरी शब्द आवरले नाहीत. "ती नाण्याची कातडी असते. त्या निळ्या-जांभळ्या झाकेसाठी लोक जीव टाकतात. तुम्ही जिवंतपणी कातडी सोललीत."

"जिवंतपणी," ती म्हणाली. शाळेत बाईंनी सांगितलेला नवा शब्द घोळवावा तसं तिनं ते मनाशी घोळवलं. "बरं. आता एकेक बघून सांगा. घाई नाही मला."

असल्या घाणीत एकेक काय बघायचं? पण जुन्या गिऱ्हाइकाची बायको. त्यानं रुमालानं बोटं पुसली आणि बसला.

"हे टाकसाळीतून कालच बाहेर पडल्यासारखं होतं. आता नुसते ओरखडे. गेलं. ह्याच्यावर घोड्याची आयाळ मोजता यायची. आता घोडा आहे की गाढव, कळत नाही. हेही गेलं."

"पूर्ण?"

"पूर्ण."

तिनं ती दोन्ही बाजूला सारली आणि एक मोठं नाणं बोटानं पुढं ढकललं. "आणि हे?"

ते ओळखायला पारख्याला भिंग लागलं नाही. सगळ्या संग्रहात ह्याच्या तोडीचं दुसरं नव्हतं. आता त्याच्या मधोमध घासणीचा गोल गोल माग उमटला होता.

"हे साहेबांना मी स्वतः फोन करून बोलावून दिलं होतं," तो म्हणाला. "दुसरा एक जण दारात उभा होता. पण साहेब धावत आले. पायात चपला घरातल्या."

"दवाखान्यातल्या," ती म्हणाली. "धाकटी मुलगी आत होती. हे औषध आणायला म्हणून खाली उतरले होते."

पारखी जरा चाचरला. त्या दिवशी साहेब खूश होते, एवढंच त्याला आठवत होतं. नाणं बघता बघता त्यांनी दोनदा चहा घेतला होता.

"बरी झाली ना मग ती?"

"ह्या नाण्याचं सांगा तुम्ही."

पारख्यानं उगाचच घसा खाकरला. मखमलीवरचं ते चकाकतं चांदीचं वर्तुळ त्याला आता मघापेक्षाही ओंगळ दिसायला लागलं.

"गेलं," तो म्हणाला.

"नक्की? कुणाला दाखवून, कुठं पाठवून काही होणार नाही?"

"ब्रह्मदेव आला तरी नाही. झाक एकदा उतरली की उतरली. वरून रंग चढवतात काही भामटे, पण साहेबांसारख्या माणसाला ते लांबूनही कळलं असतं."

"कळलं असतं ना?"

"झटक्यात. म्हणून म्हणतो, वहिनी, मोडीत काढा आता. वजनावर जे येईल ते पदरात पाडून घ्या."

तिनं मोठा श्वास घेतला. एकेक नाणं उचलून डब्यात टाकू लागली. प्रत्येक नाणं पडलं की वाजत होतं, आणि प्रत्येक आवाजाला पारखी दात आवळत होता.

"विकायची नाहीत मला," ती म्हणाली.

"मग इथवर आणलीत कशाला?"

डब्याचं झाकण लावून ती उठली. साडीचा पदर सारखा केला आणि दुकानाचं काचेचं दार उघडून धरलं. पलीकडे रस्त्याच्या कडेला एक गाडी उभी होती.

"आता सांगितलंत ना, तेच सगळं पुन्हा एकदा सांगाल?" ती म्हणाली. "माझ्या सांगण्यावर ह्यांचा विश्वास बसत नाही. गाडीत बसवलंय त्यांना. आता बोलता येत नाही, पण ऐकू सगळं येतं."